आठ नंबरचं टर्मिनल

आवडी रामजी उतेकर हिने आयुष्यात एकाच माणसाचा सूड घेतला, आणि तो घेण्यासाठी तिला युनिक्स शिकावं लागलं.

पोलादपूरच्या वर डोंगरात अकरा घरांची एक वाडी आहे, तिथली ती. बाप रामजी मुंबईला एका कंपनीच्या कँटीनमध्ये स्वयंपाकी होता, आई ठकूबाई वाडीतच नाचणी-वरीचं बघायची. वाडीतली पोरं दहावी झाली की मुंबईची गाडी पकडायची. आवडी मात्र पोलादपुरात बारावी झाली, महाडला टायपिंग शिकली, सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि चौऱ्याण्णव साली बिरवाडीजवळच्या एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्यात एंट्री ऑपरेटर म्हणून लागली. सकाळी डोंगर उतरून पोलादपूर, तिथून एसटीने महाड, तिथून कंपनीची बस. रोज.

कारखान्यात तेव्हा एकच मोठा कॉम्प्युटर होता, युनिक्सवर चालणारा. तो काचेच्या खोलीत, एसीत असायचा, आणि आत जाताना चपला काढाव्या लागत. बाहेरच्या हॉलमध्ये हिरव्या अक्षरांची टर्मिनलं होती, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. डोकं आत, काचेमागे. प्रत्येक टर्मिनलवर कागदाची चिकटपट्टी लावून नंबर टाकलेला. आवडीचं पाच नंबरचं.

काचेच्या खोलीचा मालक असल्यासारखा वागणारा माणूस म्हणजे सिस्टिम इनचार्ज शरद कोपरकर. महाडच्या बाजारपेठेत घर, पुण्यात शिकलेला, पस्तिशीचा, बोलायला मऊ. चारचौघांत तो तिला 'आवडीताई' म्हणायचा. एकदा तो तिला म्हणाला, "बिरवाडीपासून स्टँडपर्यंत स्कूटरवर सोडतो, बसची वाट कशाला बघता?" ती नको म्हणाली. पंधरा दिवसांनी त्याने पुन्हा विचारलं, आणि या खेपेला बस समोर उभी होती, खिडक्यांतून माणसं बघत होती. आवडी सरळपणे म्हणाली, "नको सर, तुमच्या मिसेसना आवडायचं नाही." बसमधली माणसं हसली. कोपरकरही हसला, आणि स्कूटरला किक मारून गेला.

त्यानंतर आठवड्याभराने, शहाण्णवच्या जुलैत, ती पिंपांची आवक भरत असताना फॉर्मच्या मधोमध एक ओळ उमटली. इंग्रजी अक्षरांत, पण भाषा मराठी. 'आज केसात फूल नाही?'

तिने हात मागे घेतले. ओळ तशीच होती, पिंपांच्या नंबरांवर पसरलेली. तिने कोपरकरला बोलावलं. तो आला, वाकून बघितलं न बघितलं केलं आणि दोन कळा दाबल्या. पडदा पुसून फॉर्म पुन्हा नीट उमटला.

"कुठे आहे?" तो म्हणाला.

"आत्ता होतं, सर."

"कॉम्प्युटर आपोआप लिहीत नाही, आवडीताई."

दोन दिवसांनी दुसरी ओळ आली. मग रोज. कधी साडीचा रंग, कधी 'डोंगरातली कोंबडी', कधी लिहिण्यासारखं नाही असं काही. ती ओळी वहीच्या मागच्या पानांवर तारीख-वेळ टाकून उतरवून घेऊ लागली. साक्षीला म्हणून तिने झाडूवाल्या राहीबाईला उभं केलं, तर राहीबाईला वाचता येत नव्हतं. शेजारचा ऑपरेटर उठून येईपर्यंत पडदा आपोआप पुसला जायचा. शेवटी वही घेऊन ती व्यवस्थापक गोविलकर साहेबांकडे गेली.

गोविलकरांनी कोपरकरला बोलावून विचारलं. कोपरकर खाली मान घालून, अगदी दुःखाने म्हणाला, "साहेब, पाच नंबरवर जे उमटतं ते पाच नंबरचा माणूस टाइप करतो. मला कोणाचं वाईट करायचं नाही, पण बाईंना विश्रांतीची गरज असावी."

गोविलकर वाईट माणूस नव्हते, पण कॉम्प्युटरमधलं त्यांना कळत नव्हतं आणि ते कळत नाही हे कोणाला कळू द्यायचं नव्हतं. त्यांनी आवडीला गोदामात पाठवलं, पिंपांवरची लेबलं तपासायला.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर आवडी कदाचित गप्प बसली असती. पण कंपनीच्या बसमध्ये कोपरकरने ती गोष्ट गोड करून सांगितली, की पडद्यावर तिला कोणीतरी प्रेमपत्रं लिहितं म्हणे. बॉयलरवर तुडीलचा एक फिटर होता. तुडीलच्याच महिपतशी आवडीचं लग्न ठरलं होतं. महिपत मुंबईत कुरिअर कंपनीत होता, दिवाळीनंतरची तारीख धरली होती. आठ दिवसांत निरोप आला.

ठकूबाई ओसरीवर बसून होती. म्हणाली, "नको म्हणतात. पोरीच्या डोक्यात बिघाड हाय म्हणतात."

"मी काय नाय केलं, आये."

"म्हायत हाय गो मला. पन मला म्हायत असून काय उपेग?"

आवडीने आईसमोर डोळ्यांतून पाणी काढलं नाही. तिच्या मनात त्या दिवशी दुःख नव्हतंच, असं ती पुढे सांगायची. तिला फक्त तो माणूस हवा होता, सगळ्यांच्या देखत, लिहिताना, हात कीबोर्डवर असताना.

डिसेंबरात गोदामातही टर्मिनल बसवायचं ठरलं. कॉम्प्युटर पुरवणाऱ्या पुण्याच्या कंपनीतून इंजिनिअर आल्या, वल्लरी बर्वे. वय तिशीच्या आत, वरंधा घाटातून आल्यामुळे चेहरा पांढराफटक, तोंडात आवळासुपारी. केबल ओढायला त्यांना कोणीतरी हवं होतं आणि गोदामात आवडीच होती. दोघींनी मिळून काचेच्या खोलीपासून गोदामापर्यंत वायर ओढली. टर्मिनलला नंबर मिळाला आठ.

केबलचं टोक धरून उभी असताना आवडीने विचारलं, "मॅडम, एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर लिहिता येतं का?"

"न यायला काय झालं? टर्मिनल म्हणजे एक फाइल असते."

"फाइल?"

वल्लरीने तिला शेजारी बसवून दाखवलं. कॉम्प्युटरच्या आत 'डेव्ह' नावाची एक डिरेक्टरी, म्हणजे फाइलींचा कप्पा होता. तिथे प्रत्येक टर्मिनलच्या नावाची एक नोंद होती, पाच नंबरची, आठ नंबरची, प्रिंटरचीही. तिला नोड म्हणतात. वल्लरीने यादी काढली. साध्या फाइलीपुढे जिथे लांबी असते, तिथे या नोंदींपुढे दोन आकडे होते.

"याच्या आत काहीच नसतं," वल्लरी म्हणाली. "ही नुसती दारावरची पाटी. पहिला आकडा सांगतो कोणत्या ड्रायव्हरकडे जायचं. ड्रायव्हर म्हणजे ज्या कार्डाला या वायरी जोडल्यात ते चालवणारा प्रोग्रॅम. दुसरा सांगतो त्याच्या कितव्या दारात. एमके-नोड नावाची आज्ञा आहे, तिने ही पाटी बनवायची. आत्ता आठ नंबरची मीच बनवली. आता कोणी या नावाने काही लिहिलं, की अक्षरं त्या दारातून बाहेर पडून तुझ्या पडद्यावर येणार."

"कोणीही लिहू शकतं?"

"तू लॉगिन केलंस की पाटी तुझ्या मालकीची होते. तू इतरांची परवानगी काढून घेऊ शकतेस. दार लावल्यासारखं. ही बघ आज्ञा."

आवडीने आज्ञा लिहून घेतली. मग विचारलं, "आणि दार लावूनही कोणी लिहिलं तर?"

"तर तो रूट. सगळ्याचा मालक. त्याला परवानगी लागत नाही."

"रूटचा पासवर्ड कोणाकडे असतो?"

"माझ्याकडे. आणि तुमच्या कोपरकरांकडे."

आवडीने वहीत तेही लिहून घेतलं. वल्लरी दुसऱ्या दिवशी पुण्याला गेली.

तिसऱ्या दिवशी आठ नंबरवर ओळ आली. 'गोदामात थंडी वाजते का?' आवडीने दार लावलं. अर्ध्या तासाने दुसरी आली. म्हणजे आता शंका उरली नव्हती. पाच महिने जे तिला नुसतं वाटत होतं त्याला पुरावा मिळाला होता, पण तो तिच्यापुरताच. ती ओरडली असती तर लोक म्हणाले असते, आता वेडी गोदामात बसूनही तेच करते.

कपाटात युनिक्सच्या जाडजूड मॅन्युअल होत्या, कोणी न उघडलेल्या. तिने एकेक खंड घरी न्यायला सुरुवात केली. एसटीत, बांधावर, जिथे वेळ मिळेल तिथे, शेजारी शब्दकोश ठेवून. ओळी येत राहिल्या. ती त्यांना उत्तर देत नव्हती, तक्रार करत नव्हती, पण रोज टर्मिनल उघडून ठेवत होती. त्याची सवय मोडू नये, एवढीच तिला काळजी होती.

फेब्रुवारीत वल्लरी पुन्हा आली. आवडीने तिला गोदामात नेऊन आधी मागच्या पानांवरच्या ओळी दाखवल्या. वल्लरीने दोन पानं वाचली आणि वही मिटली.

"मी आत्ता गोविलकरांना सांगते."

"नको मॅडम. तो म्हणेल, हिनेच तुमच्याकडून शिकून घेतलं आणि हीच करते. मला तो लिहिताना सापडायला हवा."

मग तिने वहीचं शेवटचं पान उलगडलं. तिथे तिने तिच्या अक्षरात एक ओळ लिहिली होती, एमके-नोडची. नाव आठ नंबरचं. पहिला आकडा तोच. दुसरा मात्र बदललेला, गोविलकर साहेबांच्या केबिनमधल्या प्रिंटरच्या दाराचा. तो प्रिंटरही त्याच कार्डावर होता. रोज सकाळी त्यावर मालाच्या रवानगीचा तक्ता छापला जायचा.

वल्लरीने त्या ओळीवरून बोट फिरवलं. "तू हे कुठे वाचलंस?"

"तिसऱ्या खंडात. पण एक कळत नाही. पाटी बदलली तर माझं टर्मिनल बंद पडेल ना?"

"नाही पडणार. तू आधीच लॉगिन असलीस तर तुझं दार उघडलेलं आहे, ते तसंच चालू राहील. नंतर जो नावाने उघडायला जाईल, त्याला नवे आकडे मिळतील. फक्त लॉगआउट करू नकोस, नाहीतर लॉगिनचा प्रश्न प्रिंटरवर छापला जाईल." मग ती म्हणाली, "आवडी, ग्राहकाच्या मशीनवर हे करणं म्हणजे माझी नोकरी."

"मग पासवर्ड नका देऊ. तुम्हीच करा, आणि दुसऱ्या दिवशी तुम्हीच काढा. देखभालीला आलाच आहात."

वल्लरीने आवळासुपारीची डबी उघडली, बंद केली. "साहेब एकटे असतील तेव्हा," ती म्हणाली. "उगाच तमाशा नको."

"एकटेच असतील," आवडी म्हणाली. खोटं बोलली. मंगळवारी अकरा वाजता केबिनमध्ये मुंबईहून येणारे संचालक, तीन खात्यांचे प्रमुख आणि युनियनचे दोघं असणार होते. नोटीस बोर्डावर तिने ते आठवडाभर आधी वाचलं होतं, आणि वल्लरी मंगळवारी इथे असेल हेही रजिस्टरात बघून ठेवलं होतं.

मंगळवारी ती पिवळी साडी नेसून आली. याच साडीवर त्याने सगळ्यात जास्त ओळी लिहिल्या होत्या. केसांत अबोलीचा गजरा. गोदामात जायला मागचा रस्ता जवळचा, पण ती हॉलमधून, काचेच्या खोलीसमोरून, हळूहळू चालत गेली. कोपरकरने वर बघितलं. गोदामात पोचून तिने लॉगिन केलं. वल्लरीने गोदामाच्या दारातून मान हलवली, म्हणजे पाटी बदलली होती. अकरा वाजता आवडी टर्मिनल तसंच उघडं ठेवून, लेबलांचं रजिस्टर दोन्ही हातांत धरून गोविलकरांच्या केबिनमध्ये गेली.

"साहेब, सही."

"आत्ता मीटिंग आहे, दिसत नाही का?"

"थांबते, साहेब." ती भिंतीला लागून उभी राहिली.

पाच मिनिटं काही झालं नाही. ती पुढे सांगायची, की त्या पाच मिनिटांत तिला एकच भीती होती, की आजच नेमकं त्याला शहाणपण सुचेल. मग कोपऱ्यातला प्रिंटर खरखरला. कागद एक ओळ वर सरकला. रवानगीचा तक्ता अवेळी कसा, म्हणून युनियनचे हैबती सकपाळ उठले आणि वाकून मोठ्याने वाचू लागले, कारण ते सगळंच मोठ्याने वाचायचे.

"पिवळी साडी कोणासाठी? तुडीलवाला तर पळाला."

प्रिंटर पुन्हा खरखरला. या खेपेला हैबतींनी मनात वाचलं, आणि कागद संचालकांपुढे धरला.

"साहेब," आवडी म्हणाली, "हे माझ्या पडद्यासाठी आहे. आठ नंबरसाठी. जुलैपासून चाललंय. माझे हात या रजिस्टरवर आहेत. लिहिणारा आत्ता लिहितोय."

गोविलकर उठले. संचालक उठले. सगळेच उठले. हॉल ओलांडून सात माणसं काचेच्या खोलीपर्यंत गेली. आवडी मात्र केबिनमध्ये प्रिंटरजवळ उभी राहिली. तिसरी ओळ तिने स्वतः वाचली, शब्द पुरे व्हायच्या आत काचेची दारं उघडल्याचा आवाज आला. पुढे छापलं गेलं नाही.

बघणाऱ्यांनी नंतर सांगितलं, की कोपरकर हसत टाइप करत होता आणि खांद्यावर हात पडेपर्यंत त्याला पत्ता नव्हता. संध्याकाळच्या आत त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला. वल्लरीने पाटीवरचे आकडे परत जागेवर आणले, आणि जाताना आवडीला एवढंच म्हणाली, "एकटे असतील म्हणाली होतीस."

"हो. म्हणाले होते मी."

वल्लरी त्यानंतर बिरवाडीला कधी आली नाही. दुसरा इंजिनिअर येऊ लागला.

आवडीला वाटलं होतं की एवढ्याने मन भरेल. भरलं नाही. तिने प्रिंटरचा कागद फाडून घेतला होता. महाडला त्याच्या वीस झेरॉक्स काढल्या. पहिली कोपरकरच्या घरच्या पत्त्यावर. दुसरी तुडीलला. वर्षभराने तुडीलची माणसं मध्यस्थाला घेऊन पुन्हा डोंगर चढून आली, महिपत अजून बिनलग्नाचाच होता. आवडीने सगळ्यांना चहा दिला, मग महिपतच्या आईपुढे कागद ठेवून म्हणाली, "वाचायला सांगा कोणालातरी." मध्यस्थाने वाचला. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "डोक्यात बिघाड होता तो कोणाच्या, ते कळलं ना? आता उतरा, ऊन चढतंय." ठकूबाई आतून ऐकत होती. ती म्हणाली, "लय बोललीस." पण जेवताना तिने पोरीच्या ताटात जास्तीची भाकर वाढली.

कोपरकर लोट्याला एका कारखान्यात लागल्याचं कळलं. तिथल्या व्यवस्थापकाला पाकीट गेलं. तो माणगावला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवू लागला. तिथेही गेलं. मग खोपोलीला. कोण कुठे लागला ही बातमी पसरायला एमआयडीसीत वेळ लागत नाही, आणि आवडी विचारत राहायची.

नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये गेटवर एक बाई तिची वाट बघत उभी होती. साधी, नीटनेटकी, शाळेत शिकवत असावी अशी.

"तुम्ही आवडी उतेकर?"

"हो."

"मी सुनीती कोपरकर. तुमच्याशी भांडायला आले नाही. त्यांनी काय केलं ते मला माहीत आहे. पहिली प्रत माझ्याच हातात पडली होती."

"मग?"

"आम्ही आता खोपोलीला राहतो. तिथे क्लास चालवतात त्यांचा मुलगा आणि आमची ओवी एका वर्गात आहेत. त्याने कागद वर्गात नेला. ओवी आठ वर्षांची आहे. तिने मला त्यातल्या एका शब्दाचा अर्थ विचारला."

आवडीने नजर काढून घेतली नाही. "माझ्या आईलाही लोकांनी अर्थ विचारले होते. तेव्हा मला कोणी विचारायला आलं नाही."

"नाही आलं," सुनीती म्हणाली. "मीही आले नाही. घरात कागद असूनही आले नाही. ते आता आमच्याजवळ राहत नाहीत, कुठे आहेत मला सांगता येणार नाही. तुम्ही यापुढे जे पाठवाल ते आम्हा दोघींनाच लागणार आहे. अजून किती आहेत, एवढंच विचारायला आले."

पंधरा प्रती उरल्या होत्या. आवडीने आकडा सांगितला नाही. बस सुटायला आली होती, ती चढली. खिडकीतून तिने बघितलं तर बाई तशीच उभी होती, पदर खांद्यावर ओढून घेत.

त्यानंतर पाकीट गेलं नाही. दया आली असं आवडी कधी म्हणाली नाही. विचारलं तर म्हणायची, की पत्ताच नव्हता. पण खोपोलीचा पत्ता होता, आणि तो तिला पाठ होता.

काचेची खोली तिच्याकडे आली ती दोन हजार एक साली, कोपरकरच्या जागी आलेले इनचार्ज सोडून गेल्यावर. दोन वर्षांनी जुना कॉम्प्युटर गेला, हिरवी टर्मिनलं भंगारात गेली, लिनक्सचा सर्व्हर आला आणि टेबलांवर साधे पीसी. आता नोड हाताने बनवावे लागत नव्हते. पीसीवरून कोणी लॉगिन केलं, की त्याच्यासाठी एक नोड आपोआप तयार व्हायचा, आणि तो बाहेर पडला की नाहीसा व्हायचा. दुसऱ्या माणसाला मग तोच नंबर मिळायचा. आवडीला ते पहिल्यांदा पटलं नाही. नंबरावरून माणूस ओळखायची तिला सवय झाली होती. तिने लॉगिनच्या नोंदी वेगळ्या ठेवायला सुरुवात केली आणि रोज सकाळी त्या वाचून काढायची, मगच चहा.

त्या वर्षी एंट्रीला दोन नव्या मुली लागल्या, एक पाचाडची, एक महाडची. पहिल्याच दिवशी तिने दोघींना स्वतःचा नोड शोधायला लावला, मालकी कोणाची ते वाचायला लावलं, आणि दार लावायची आज्ञा पाठ करून घेतली.

पाचाडची म्हणाली, "मॅडम, आम्हाला कोण लिहिनार?"

"कोणी नाही. तरी लाव," आवडी म्हणाली. "आणि लावूनही काही उमटलं, तर पडदा पुसू नकोस. मला हाक मार. काचेतला माणूस आता मी आहे, म्हणून माझ्यावरही विश्वास ठेवू नकोस. आधी शेजारणीला दाखव, मग मला."

मुलगी हसली. आवडी हसली नाही. तिने मुलीकडून आज्ञा पुन्हा एकदा टाइप करून घेतली.